पागोळीपासून देशापर्यंत: पाण्याचा हिशेब कसा मांडतात

आमच्या वाडीतली विहीर गणपतीत काठोकाठ भरलेली असते. वाकून तांब्या बुडवला तरी पाणी मिळतं. त्याच विहिरीत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पोहरा सोडला की तो तळच्या दगडावर आपटल्याचा आवाज येतो. मध्ये आठ-नऊ महिने गेलेले असतात, एवढंच. रहाटाचा दोर ओढता ओढता माझी काकू दरवर्षी तेच म्हणते, “एवढं पाणी पडतं, जातं कुठं सगळं?”

देशाचं पाणी मोजणारी माणसंही याच प्रश्नाच्या मागे असतात. पडतं किती, त्यातलं जातं कुठं, आणि उरलेलं कुणाच्या हाताला लागतं. केंद्रीय जल आयोगाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार भारताची वार्षिक सरासरी जलसंपत्ती १,९९९ अब्ज घनमीटर आहे. हा आकडा वर्तमानपत्रात येतो, शाळेच्या पुस्तकात येतो, पण तो कुठल्या वाटेने आला हे सहसा कुणी सांगत नाही. ती वाट कोकणातून चालत गेलं तर चांगली कळते, कारण या हिशेबातल्या सगळ्या अडचणी आपल्या अंगणातच भेटतात.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. अशा अहवालांत ‘नूतनीकरणक्षम जलसंपत्ती’ असं लिहिलेलं असतं. कलमांच्या बागेचं उत्पन्न सांगताना आपण त्या वर्षी उतरलेले आंबे मोजतो, झाडांची खोडं मोजत नाही. खोड तोडून लाकूड विकलं तर पैसे मिळतील, पण पुढच्या वर्षी आंबा नाही. पाण्याचंही तसंच आहे. दरवर्षी पावसातून नव्याने येणारं आणि नदी-ओढ्यांतून, जमिनीखालून वाहणारं पाणी म्हणजे नूतनीकरणक्षम पाणी. लिबिया आणि सौदी अरेबियाच्या वाळवंटाखाली हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी आहे, ते उपसून तिथे शेतीही झाली, पण ते खोडातलं लाकूड आहे. ते या हिशेबात धरत नाहीत. धरणातला साठाही वेगळा धरत नाहीत. ते पाणी नदीतून येतानाच एकदा मोजलेलं असतं.

आता पडतं किती ते पाहू. पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात आणि त्या मिलिमीटरचा अर्थ बऱ्याच जणांना लागत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. म्हणजे आपल्या एका गुंठ्यावर चार महिन्यांत तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचा एक, असे तीस टँकर! उन्हाळ्यात ज्या वाडीत टँकरची वाट बघत हंडे-कळश्या रांगेत लागतात, त्या वाडीतल्या एकेका गुंठ्यावर आभाळ तीस टँकर ओतून गेलेलं असतं. हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासून पाहिला होता.

हाच गुणाकार मोठा केला की विभागाचा आणि देशाचा आकडा तयार होतो. ठाण्या-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकण विभागाचं क्षेत्रफळ सुमारे ३०,७०० चौरस किलोमीटर आहे. सरासरी पाऊस तीन मीटर धरला तर वर्षाला साधारण ९२ अब्ज घनमीटर पाणी पडतं. एक अब्ज घनमीटर म्हणजे एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा पाण्याचा ठोकळा. आपल्याला टीएमसीची सवय आहे, तर त्यात ३५ टीएमसी बसतात. कोयना धरण सुमारे १०५ टीएमसीचं. म्हणजे कोकणावर दर पावसाळ्यात तीसेक कोयना धरणं रिकामी होतात.

पण सरासरी तीन मीटर हे मी सोयीसाठी धरलं. खरी कसोटी तिथेच आहे. किनाऱ्यावर पडतो त्याच्या दुप्पट पाऊस घाटमाथ्यावर पडतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास होतो. घाट ओलांडून देशावर पन्नास-साठ किलोमीटर गेलं की तोच पाऊस हजाराच्या खाली येतो. पर्जन्यमापक असतो एका ठिकाणी, आणि त्याच्या तोंडाएवढ्या वर्तुळात पडलेल्या पाण्यावरून आजूबाजूच्या शेकडो चौरस किलोमीटरचा पाऊस ठरवायचा असतो. म्हणून प्रत्येक मापकाच्या वाट्याला किती क्षेत्र येतं हे नकाशावर आखून घेतात आणि त्या प्रमाणात त्याच्या आकड्याला वजन देतात. मापक बहुतेक गावांत, सपाटीला. कड्यांवर आणि जंगलात थोडे. जिथे पाऊस सगळ्यात जास्त, तिथेच मोजणारं भांडं कमी, ही अडचण डोंगराळ प्रदेशात सगळीकडे आहे. देशभराचा असा हिशेब २०१९ च्या अभ्यासात झाला, तेव्हा १९८५ ते २०१५ या काळासाठी वार्षिक पाऊस ३,८८० अब्ज घनमीटर निघाला.

३,८८० पडले आणि १,९९९ उरले. मधलं पाणी उडून गेलं. काही जमिनीवरून, तळ्यांवरून वाफ होऊन, आणि बरंचसं झाडांच्या मुळांतून पानांपर्यंत चढून. भात, आंबा, काजू, घाटातलं जंगल, सगळ्यांनी प्यायलेलं पाणी यात आलं. ते वाया गेलेलं नाही, त्यावरच पिकं उभी असतात. स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी त्याला हिरवं पाणी म्हटलं आणि नदीत-विहिरीत दिसतं त्याला निळं पाणी. देशाच्या जलसंपत्तीचा आकडा फक्त निळ्या पाण्याचा असतो. आपला कोरडवाहू शेतकरी ज्यावर जगतो ते हिरवं पाणी त्या आकड्यात दिसतच नाही, आणि मला ही त्या आकड्यातली मोठी उणीव वाटते.

कोकणात हा उडून जाणारा वाटा लहान असतो. कारण ठाऊक असायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही: श्रावणात पडवीत टाकलेले कपडे चार दिवस वाळत नाहीत. हवेत आधीच इतका ओलावा, वर सदा मळभ, मग पाणी उडणार कसं? महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये राज्यातल्या नद्यांचं सरासरी पाणी सुमारे १६४ अब्ज घनमीटर धरलं, आणि त्यातलं सुमारे ६९ एकट्या कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचं. राज्याच्या जमिनीचा दहावा हिस्सा आणि पाण्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा. मघाच्या ढोबळ ९२ शी ताडून पाहिलं तर पडलेल्या पाण्यापैकी पाऊण हिस्सा नद्यांतून वाहतो.

पावसातून वजाबाकी करत खाली येणं ही झाली एक रीत. दुसरी रीत उलटी: नदीच मोजायची. पुलावरून किंवा होडीतून नदीच्या पात्राचे पट्टे पाडतात, प्रत्येक पट्ट्यात खोली मोजतात, आणि छोटे कप फिरणारं यंत्र पाण्यात सोडून वेग मोजतात. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी. हे रोज पुरात उभं राहून करणं कठीण, म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांना एकदा मोजून तक्ता बनवतात. मग नदीकाठच्या पट्टीवर नुसती पातळी वाचली की तक्त्यावरून प्रवाह कळतो.

आपल्या नद्यांना इथे एक खास अडचण आहे. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम पन्नास-ऐंशी किलोमीटर, आणि त्यातही खालचा बराच भाग खाडीचा. काजळी असो, शास्त्री असो, वाशिष्ठी असो, भरतीला पाणी उलटं चढतं. तिथे पातळी वाचून काही उपयोग नाही, ती समुद्राची पातळी असते. म्हणून मोजणीचं ठिकाण भरती पोचत नाही अशा जागी, वरच्या अंगाला ठेवावं लागतं. त्याच्या खाली जे ओढे, पऱ्ये नदीला मिळतात त्यांचं पाणी मोजलं जात नाही, क्षेत्रफळ आणि पाऊस बघून अंदाजाने जोडलं जातं.

आणखी एक गोष्ट. नदीत मोजलेलं पाणी म्हणजे आपण वापरून उरलेलं पाणी. वर कुणी पंप लावला, धरणात अडवलं, शहराला नेलं, ते सगळं परत मिळवून घ्यावं लागतं आणि शेतातून, गटारातून नदीला परत आलेलं वजा करावं लागतं. हा व्यवहार जितका वाढत गेला तितका नदीवरून केलेला हिशेब अवघड होत गेला. म्हणून २०१९ चा अंदाज हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने पाऊस, जमीन, पीक, उपग्रहाची चित्रं असा वरून खाली केला. १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने देशाचं पाणी १,४४३ अब्ज घनमीटर धरलं होतं. १९४९ मध्ये डॉ. अ. ना. खोसला यांनी तापमानावरून वाफेचा अंदाज बांधून १,६७३ सांगितलं. १९९३ मध्ये केंद्रीय जल आयोगाने १,८६९ म्हटलं, आणि २०१९ मध्ये १,९९९. आकडा चढत गेला म्हणून देशात पाणी वाढलं असं समजू नये. बदलली ती मुख्यतः मोजण्याची रीत.

आता जमिनीखालचं पाणी. इथे सगळ्यात मोठी गफलत होते आणि ती आमच्या विहिरीवरच समजते.

विहिरीपासून शंभर पावलांवर एक पऱ्या आहे. पाऊस दसऱ्याला संपला तरी पऱ्या दिवाळीत वाहतो, डिसेंबरातही त्यात पाय भिजतात. आभाळात ढग नाही, मग हे पाणी कुठलं? ते जांभ्यात मुरलेलं पाणी आहे, खालच्या चिकण थरावर अडून, उतार मिळेल तिकडे झिरपत बाहेर आलेलं. विहिरीत आहे तेच पाणी पऱ्यात आहे. पऱ्याची धार बारीक होत जाते तशी विहिरीची पातळी उतरत जाते, दोन्ही एकाच वेळी. उद्या कुणी विहिरीचं पाणी ‘भूजल’ म्हणून एका वहीत लिहिलं आणि पऱ्याचं पाणी ‘नदीचं’ म्हणून दुसऱ्या वहीत, आणि दोन्हींची बेरीज केली, तर एकच घोट दोनदा मोजला जाईल.

देशाच्या हिशेबातही हेच टाळावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने भारतासाठी मांडलेले आकडे असे आहेत: देशात पडलेल्या पावसातून नद्यांत येणारं पाणी १,४०४ अब्ज घनमीटर, भूजल ४३२. नुसती बेरीज केली तर १,८३६. पण त्यातले ३९० दोन्हीकडे आहेत, कारण तेवढं भूजल शेवटी नद्यांतच झिरपतं. ते एकदा वजा केलं की उरतात १,४४६. भूजलाचे ४३२ वेगळे म्हणून मिरवणाऱ्याने लक्षात ठेवावं, त्यातले ४२ च खऱ्या अर्थाने नद्यांपासून वेगळे आहेत.

या १,४४६ मध्ये शेजारच्या देशांतून वाहत येणारं पाणी, म्हणजे नेपाळ, तिबेट, भूतानकडून येणाऱ्या नद्यांचं, साधारण ४६५ मिळवलं की १,९११ होतात. बांगलादेशाचं चित्र तर थक्क करणारं आहे. तिथलं स्वतःचं पाणी १०५ अब्ज घनमीटर आणि बाहेरून येणारं धरून एकूण १,२२७. इजिप्तमध्ये जवळजवळ सगळं पाणी नाईलचं, आणि त्यातला त्यांचा ५५.५ अब्ज घनमीटरचा वाटा सुदानशी १९५९ मध्ये झालेल्या करारात ठरलेला.

आपल्याकडे याचं उदाहरण बघायला देशाची हद्द ओलांडावी लागत नाही. चिपळूणच्या पुलावरून भर एप्रिलात वाशिष्ठी पाहा. आसपासच्या नद्यांत दगड उघडे पडलेले असतात आणि वाशिष्ठी वाहती असते. ते पाणी कोकणात पडलेलं नाही. ते कोयनेचं, म्हणजे खरं तर कृष्णेच्या वाट्याचं. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने आणून पोफळीला वीज बनवतात आणि मग ते वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, म्हणजे जवळपास १.९ अब्ज घनमीटर. हे पाणी कुणाच्या वहीत लिहायचं? पडलं कृष्णेच्या खोऱ्यात, म्हणून तिथलं स्वतःचं. चिपळूणला पोचलं, म्हणून इथलं बाहेरून आलेलं. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या, पण राज्याची बेरीज करताना ती एकदाच धरायची.

एवढं सगळं करून हाती येते ती सरासरी. आणि सरासरी कुठल्याच वर्षी पडत नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड बुडालं ते पाणीही सरासरीत आहे, आणि पाऊस सप्टेंबरातच आटपला ती वर्षंही. म्हणून पाण्याचं वाटप करताना सरासरी न धरता विश्वासार्हता धरतात. सगळ्या वर्षांचे प्रवाह मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या क्रमाने मांडायचे आणि शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान जेवढं पाणी मिळालं, तो आकडा घ्यायचा. बच्छावत लवादाने १९७३ मध्ये कृष्णेचं पाणी २,०६० टीएमसी ठरवलं ते याच रीतीने, ७८ वर्षांच्या नोंदी बघून. वर्षही इथे जानेवारीत सुरू होत नाही. जलवर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत. आपल्या शेतकऱ्याचं वर्ष मृगापासून धरतात, त्याच्याशी हे जुळतं.

आता काकूच्या प्रश्नाचा गाभा. असलेलं पाणी आणि वापरता येणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशाच्या १,८६९ अब्ज घनमीटर नदीच्या पाण्यातलं ६९० च वापरता येण्याजोगं धरलं गेलं. कोकणात ही दरी कितीतरी मोठी. तापीच्या दक्षिणेपासून कर्नाटकातल्या ताद्रीपर्यंतच्या पश्चिमवाहिनी नद्या जल आयोग एका गटात धरतो, आपलं कोकण त्यातच येतं. जुन्या अंदाजात या गटाचं पाणी ८७.४१ अब्ज घनमीटर, आणि वापरण्याजोगं ११.९४. शंभरातले चौदासुद्धा नाहीत. नद्या आखूड, उतार तीव्र, धरणाला जागा थोड्या, सगळा पाऊस शंभरेक दिवसांत, आणि जमीन जांभ्याची, जी पाणी घेते पटकन आणि सोडतेही पटकन.

उरलेलं पाणी ‘समुद्रात वाया जातं’ असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. खाडीतली कालवं, कोळंबी, कांदळवनं गोड्या पाण्याच्या त्या लोंढ्यावर जगतात. खाडीकाठच्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा, पाऊस कमी झाला की मासळीचं काय होतं ते.

आणि दरडोई पाण्याचा आकडा तर फार जपून वाचायला हवा. वर्षाला माणशी १,७०० घनमीटरच्या खाली पाणी असेल तर ताण आणि १,००० च्या खाली टंचाई, ही फाल्केनमार्क यांची पट्टी. २०११ साली भारताचा आकडा १,५४५ होता. आता ही पट्टी रत्नागिरीला लावा. क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर, तीन मीटर पाऊस, त्याचा पाऊण हिस्सा वाहणारा, आणि २०११ ची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार. भागाकार केला की माणशी अकरा हजार घनमीटरच्या वर जातो, देशाच्या सातपट. कागदावर रत्नागिरीकराला पाण्याची ददात असण्याचं कारण नाही. वर्षाची बेरीज जुलै आणि मे यांत फरक करत नाही, म्हणून असं होतं.

भूजल मोजायची सरकारी रीत सोपी आहे: पावसाआधी आणि पावसानंतर ठरावीक विहिरींची पातळी घ्यायची, फरक काढायचा आणि त्याला खडकाच्या गुणाने गुणायचं. जांभा स्पंजासारखा भोकाभोकांचा दिसतो, पण शंभर लिटर जांभ्यातून निथळून मिळणारं पाणी अडीच लिटरच्या आसपास धरतात. मी गेली काही वर्षं आमच्या विहिरीवर हे करून बघतो. दोराला हात-हातावर गाठी मारल्या आहेत. नोव्हेंबर आणि मे यांच्यात पातळीचा फरक साधारण सहा मीटर येतो. सहा मीटरचे अडीच टक्के म्हणजे पंधरा सेंटिमीटर पाणी. एका गुंठ्यामागे पंधरा हजार लिटर. तीस टँकर पडले, सातेक उडाले, नोव्हेंबरात खडकात शिल्लक दीड, आणि बाकीचे पऱ्यातून काजळीला आणि काजळीतून भाट्याच्या खाडीला गेले.

काकूला हे सांगितलं. ती गाठींचा दोर हातात घेऊन बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे त्या दीडातलंही पऱ्यावाटे जातच असतं की रे. गेल्या खेपेला बांध घालायला तुम्ही पोरांनी डिसेंबर उजाडवलात. औंदा दसरा झाला की पोती भरायला घ्या.”